महादेवाच्या गाभाऱ्यातला पारा

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

मु. सोनखेडे, ता. रावेर
आखाजीनंतरचा सोमवार, १९९३

राजमान्य राजश्री जीवराम आबा, मुक्काम शिरपूर, यांस सोनखेड्याहून आपला होणारा व्याही रुपचंद याचा रामराम.

आपलं पत्र पोचलं. आपली तब्येत ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. विहीणबाई शेवंताबाईंच्या गुडघ्याला मागच्या वेळी ओट्याची पायरी चढताना त्रास झाला होता. त्यांना निर्गुडीचा शेक घ्यायला सांगावं. (आमच्या सौ. वच्छलाबाईंना त्याने गुण आला. निदान त्यांनी गुडघ्याबद्दल बोलणं सोडलं आहे.) होणारे जावई चि. हिरामण नोकरीवर रुजू झाले हे उत्तम झालं. आमच्याकडे सगळे सुखरूप आहेत. आपली होणारी सून चि. सुनंदा शिवणाचा क्लास पुरा करून आली. केळीची मृगबाग बरी आहे, फक्त पश्चिमेच्या वाऱ्याने पानांच्या चिंध्या झाल्या. विहिरीला पाणी आहे, पण ते आता आधीपेक्षा खाली राहतं आणि वर यायला वेळ घेतं. माझंही तसंच झालं आहे, म्हणून तक्रार करत नाही.

आपण लिहिलंत की वैशाखातला भर दुपारचा मुहूर्त धरला आहे, घोडा आणि बँड ठरला आहे, आणि “तुमच्याकडे ऊन वाढल्याच्या गोष्टी चालू आहेत असं कानावर आलं, शिरपूरला तसं काही नाही.” आबा, त्या गोष्टींबद्दलच थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे इतरांच्या तोंडून वाकडंतिकडं आपल्यापर्यंत यायला नको.

सुरुवात पौषात झाली. गावात कॉलेजच्या मुलांचं शिबिर आलं होतं. त्यांच्या प्राध्यापकांनी मारुतीच्या पारावर भाषण केलं की पृथ्वी तापते आहे, पुढे ऊन वाढेल, पाऊस वेळेवर येणार नाही, तर आतापासून वागणं बदला. ते थंडीत मफलर गुंडाळून बोलत होते, त्यामुळे लोकांना नीट पटलं नाही. पण लोटनला पटलं. (लोटन म्हणजे आमच्या शेजारच्या मळ्याचा. त्याने यंदा केळीत बारीक नळ्या अंथरून ठिबक बसवलं आहे.) त्याने ग्रामसभेत ठराव मांडला की ऊन दरसाल वाढतं आहे, तेव्हा वैशाखात शाळा सकाळची करावी, आठवडे बाजार संध्याकाळी भरवावा आणि गावात दुपारचं लग्न लावू नये.

याला उभा विरोध केला आमच्या थोरल्या बंधूंनी. कौतिक नानांना आपण ओळखताच. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो, नानांनीच मला वाढवलं, म्हणून त्यांच्यापुढे मी अजून चौथीतच आहे. नाना म्हणाले, “ऊन कधी नव्हतं रे? आपला बाप याच उन्हात नांगर हाकत होता. तुम्हाले पंखे लागले, म्हणून ऊन वाढलं.” लोटनच्या ठिबकाला ते केळीला सलाईन लावलं म्हणतात. अर्धा गाव हसला आणि तेवढा अर्धा गाव नानांचा झाला.

आता इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. मागच्या वैशाखात सावद्याच्या एका लग्नात नाना भर दुपारी वरातीत चालताना पडले. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की ऊन लागलं आहे, पुन्हा लागलं तर निभणार नाही. नानांनी सगळ्यांना सांगितलं की बुंदी बाधली. तेव्हापासून ते बुंदी खात नाहीत, पण उन्हात हिंडतात. आणि आपल्याला माहीत नसेल म्हणून लिहितो, आमच्या घराण्याची रीत अशी की लेकीच्या लग्नात घरातल्या सर्वांत वडील माणसाने मारुतीपासून मांडवापर्यंत नवरदेवाच्या घोड्यापुढे अनवाणी चालायचं. बँडवाले ते अंतर किती वेळात कापतात हे आपण जाणताच. नानांनी फेटा धुऊन ठेवला आहे. जीपमध्ये बसा म्हटलं तर म्हणतात, जीपमध्ये नवरीचं सामान येतं, नवरीचा मोठा बाप येत नाही.

तर ठरावावर तोड निघेना. शेवटी चैत्रात लोटनने जळगावहून लाकडी पट्टीवरचा पारा आणला आणि म्हणाला की पंधरा दिवस मोजू, बोलायचं कामच नको. ही गोष्ट सर्वांना मान्य झाली. मग पारा टांगायचा कुठे यावर दोन सभा झाल्या. लोटन म्हणाला, माझ्या पंपाच्या खोलीवर. त्या खोलीवर पत्रे आहेत, म्हणून नानांच्या बाजूने नकार. नाना म्हणाले, माझ्या ओट्यावर निंबाखाली. तो निंब नानांच्या पक्षाचा आहे, असं लोटनच्या बाजूने सांगण्यात आलं. तेव्हा कोणीतरी म्हणालं की महादेवाच्या देवळात टांगा, तिथे पक्षपात होणार नाही. यावर दोन्ही बाजूंनी हात जोडले. आकडा वाचून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे दिलं, कारण मी खोटं बोलत नाही असं गावात समजलं जातं. (मी मुळात बोलतच कमी, त्यातून हा समज झाला आहे.)

देवळात बाहेर खिळा ठोकू नये असं नथ्थू गुरवाने सांगितलं. गाभाऱ्यात पिंडीवर गलंतीची साखळी होती, तिलाच त्याने पारा बांधला. आपल्याकडेही महादेवाला उन्हाळ्यात गलंती लावत असतीलच. तांब्याच्या भांड्याला बारीक भोक, त्यातून पिंडीवर दिवसभर थेंब थेंब पाणी. देवाला ऊन बाधू नये म्हणून.

मी रोज दुपारी देवळात जायचो, नमस्कार करायचो, पारा वाचायचो आणि फळ्यावर लिहायचो. पहिल्या दिवशी तीस आले. दुसऱ्या दिवशीही तीसच्या आसपास. देवळापासून ग्रामपंचायतीपर्यंत जाताना चपलेतूनसुद्धा पाय भाजायचे, फळ्याजवळचा खडू हाताला गरम लागायचा, आणि त्या गरम खडूने मी तीस लिहायचो. मला वाटलं, डोकं आपलं तापलं असेल, देव कशाला खोटं दाखवील. नानांचा पक्ष वाढला. नाना डोक्याला टापशी न बांधता हिंडू लागले. लोटनला लोक विचारू लागले की यंदा स्वेटर केव्हा काढतोस. असे पंधरा दिवस गेले आणि ठराव पडला. दुपारची लग्नं कायम राहिली. त्यातलं पहिलं आपलं.

मग नथ्थू गुरव लेकीकडे मुक्ताईनगरला गेला. मी दुपारी गेलो तर गलंती कोरडी आणि पारा चांगला वर चढलेला. मला वाईट वाटलं ते पाऱ्यासाठी नाही, देव उन्हात राहिला म्हणून. बादली आणून गलंती भरली, हात जोडून बसलो, डोळे उघडले तर पारा माझ्यासमोर खाली उतरत होता. थेंब साखळीवरून ओघळून नळीवर पडत होते. मग लक्षात आलं की इतके दिवस मी फळ्यावर गावाचं ऊन लिहीत नव्हतो, महादेवाचा गारवा लिहीत होतो.

संध्याकाळी पारावर मी हे सगळं सांगून टाकलं. लोटन मला हसला नाही, हे त्याचं मोठेपण. फक्त नानांकडे पाहून म्हणाला, “नाना, महादेवाले ठिबक चालतं, मग माह्या केळीले काऊन नाही?” दुसऱ्या दिवशी पारा बाहेर पिंपळाच्या सावलीत लावला, तर दुपारी तो चाळिशीच्या पार वर गेला. यावर नाना म्हणाले, “बाहेर लावल्यावर चढीलच ना. बाहेर ऊन आहे.” एवढ्यावर ग्रामसभा बरखास्त झाली. ठराव पडला तो पडलाच.

एक मात्र झालं. गाभारा एवढा गार असतो हे फळ्यावर पंधरा दिवस वाचून लोकांना पाठ झालं होतं. आता दुपार झाली की अर्धा गाव देवळाच्या सभामंडपात येऊन बसतो. लोटनचा पक्ष एका खांबाला, नानांचा दुसऱ्या. अगदी आत, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी, जिथे गलंतीचा गारवा लागतो, तिथे नाना बसतात. नामस्मरणाला येतो म्हणतात. त्यांनी याआधी महाशिवरात्र सोडून देवळाची पायरी चढलेली मला आठवत नाही. नाम ऐकू येत नाही, घोरणं येतं. मी जवळ बसून वारा घालतो.

बाकी सगळं क्षेम आहे. मांडवाची, जेवणाची तयारी आपल्या इच्छेप्रमाणे होईल. बुंदी ठेवलेली नाही. विहीणबाईंना नमस्कार, चि. हिरामण यांस आशीर्वाद.

आपला,
रुपचंद

ता. क. – पत्र ज्यासाठी लिहिलं ते वर लिहायचं राहिलं. आबा, मुहूर्त गोरजाचा धरता येईल का? मी मागणं बरं नाही, मी मुलीकडचा. नाना मागणार नाहीत. पण वरपक्षाचा शब्द मोडायचा नाही, ही रीत नाना अनवाणी चालण्याच्या रीतीइतकीच मानतात. तेव्हा बस संध्याकाळचीच मिळते, किंवा बँड दुपारी दुसरीकडे आहे, असं काहीतरी आपण नानांच्या नावाने वेगळ्या पत्रात लिहावं. ऊन हा शब्द पत्रात कुठेही येऊ देऊ नये. मी खोटं बोलत नाही, म्हणून आपल्याला विनंती. ही गोष्ट नानांच्या कानावर जाऊ नये.

आणखी ता. क. – पारा पत्र आणणाऱ्याबरोबर पाठवत आहे. लोटन म्हणाला, घेऊन जा, इथे त्याचा उपयोग नाही. शिरपूरला ऊन वाढलं नाही असं आपण लिहिलंत, तर आपल्या ओट्यावर लावून पाहावा. देवळात लावू नये.

शेवटचं ता. क. – पाकीट चिकटवायच्या आधी पत्र नानांच्या हाती लागलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाले, यातलं एक अक्षर खरं नाही, मी घोरत नाही आणि सावद्याला बुंदीच बाधली होती. मी म्हटलं, मग पत्र फाडून टाकतो. ते थोडा वेळ फेट्याची घडी चाचपत राहिले. मग म्हणाले की पत्र जाऊ दे, आणि त्यांना लिही, बँडचं कारण नको, बसचं लिहा. बँडवाला आपल्या ओळखीचा आहे, मी त्याला विचारून बसेन.