एकवीस दिवसांचा स्थितप्रज्ञ

ऋषिकेश

आदरणीय कुंदनसिंह भाईसाहेबांना सुरतसिंह नेगीचा, नको असला तरी, नमस्कार.

कोटद्वारला आपण, वहिनी, नातवंडं, म्हैस, सगळी सुखरूप असावीत. आपला गुडघा कसा आहे? (दवाखान्याच्या जिन्यावरून मला ढकललंत तेव्हा ठणठणीत वाटला.) आपण फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र जीपवाल्याच्या हाती देतोय. फाडायचंच असेल तर वाचून फाडा.

आपल्या बहिणीने, बिमलाने, सांगितलेली हकीकत खरीच आहे, फक्त तिच्यात माझी बाजू नाही. पौडीहून अनवाणी उतरलेला मी. गंगाजळाचे डबे विकून तीन मजले उभे केले, पण रागाला आवर घालणं काही जमेना. गिऱ्हाइकाने डबा हलवून बघितला तरी डोकं फिरायचं. शेवटी बिमलाच म्हणाली, "गंगेकाठी बसून नुसते उकळत असता. जा एखाद्या आश्रमात!" (हे ती आता कबूल करणार नाही.) म्हणून महाराजांकडे एकवीस दिवसांचं मौन घेतलं. सुख येवो, दुःख येवो, मन हलता कामा नये. तिथे परीक्षाही घेतात. कुणीतरी अचानक येतो आणि खोटीच वाईट बातमी देतो. घिल्डियाल मास्तरांना त्यांचा सख्खा भाऊ सांगून गेला की घरावर दरड कोसळली. मास्तर गळा काढून रडले. नापास! पुन्हा पहिल्यापासून मौन. मी म्हटलं, बघू आपल्याकडे कोण येतंय.

एकोणिसाव्या दिवशी भर सत्संगात बिमला येऊन समोर बसली. "अहो, छातीत गाठ निघालीय. उद्या गुरुवारी देहरादूनला ऑपरेशन. चला." माझे कान तिखट (तडा गेलेला डबा टिचकीवर ओळखतो). तिचा आवाज कापला तो मला स्वच्छ ऐकू आला. मनात म्हटलं, वा, काय सोंग वठवलंय! मी हसलो आणि प्रसादाचं केळं तिच्या हातावर ठेवलं.

"हसताय काय? कळलं का मी काय म्हणाले?"

मी आणखी हसलो. महाराज गहिवरले. "बघा, याला म्हणतात स्थितप्रज्ञ!"

"गिऱ्हाइकाने डबा हलवला की हे पेटतात, महाराज. मी काही सांगितलं की तीस वर्षं हे असेच स्थिर. तुम्ही नवीन काय शिकवलंत?"

सगळे हसले. मीही.

एकविसाव्या दिवशी गळ्यात हार पडला, तोंड उघडलं आणि पहिलंच वाक्य बोललो, "महाराज, बिमलाला छान पढवलंत हं!"

"आम्ही? आम्ही कुणालाच पाठवलं नव्हतं."

गुरुवार उलटून गेला होता. तसाच देहरादूनच्या दवाखान्यात धावलो; पुढचं, जिन्यावरचं, आपल्याला ठाऊकच आहे. आपण म्हणालात, "जावईबापू, आणखी एक पायरी चढलात तर मनाचं राहू द्या, हाडंही जागेवर राहायची नाहीत." बरोबर बोललात. आश्रमात माझा फोटो लागलाय. उतरवायला गेलो, तर दोन नवे साधक पाया पडले.

असो. मी मजेत आहे. माफी मागत नाही, घाईही नाही. तिला वाटेल तेव्हा आपल्याकडून घरी येऊ दे.

आपला,
सुरतसिंह

ता. क. सोबत तिची मऊ उशी आणि शाल आहे. मी पाठवली म्हणू नका, घेणार नाही.

ता. क. २. गाठीच्या तपासणीचा निकाल मंगळवारी यायचा होता. आज शुक्रवार. दवाखाना मला सांगत नाही, तिनेच तसं लिहून दिलंय. भाईसाहेब, चांगला की वाईट, जीपवाल्याजवळ एक शब्द सांगा. उद्या सकाळपासून मी जीपच्या अड्ड्यावर उभा आहे. शिव्या द्यायच्या तर त्याही पाठवा, पण निकाल आधी.