साहेबांच्या ढालीवरची खार

बाबा, आधी खुर्चीत बसा, मग सांगते. आपले साहेब लॉर्ड झाले होते ना, त्यांच्या घराण्याच्या मानचिन्हावर तुम्ही आहात! म्हणजे तुम्ही नाही, तुमची खार. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी पहिला फोन तुम्हालाच लावावासा वाटला.

साहेबांची मुलगी आज मरीन परेडच्या आपल्या फ्लॅटवर आली होती. सिंगापूर सोडून गेलेले साहेब गेल्या वर्षी लंडनला वारले. ही तीच, साहेबांच्या बुकित तिमाहच्या बंगल्यात आपल्या फराळातल्या चकल्या फ्रॉकच्या खिशात भरायची ती. आता केस पांढरे, गुडघे दुखरे. चहाला हात लावण्याआधीच तिने पिशवीतून एक फ्रेम काढली. लॉर्ड झालेल्या माणसाला मानचिन्ह करून घेता येतं म्हणे: मधे ढाल आणि दोन्ही बाजूंनी ती धरून उभे असलेले दोन प्राणी. साहेबांच्या ढालीला एकीकडे सिंह आहे, तो असायचाच. दुसरीकडे खार! सिंहाएवढी उंच, ऐटबाज, पाठीवर तीन पट्टे.

"जहाजांचे दोरखंड विकणाऱ्या माणसाला खार कशाला, म्हणून आम्ही सगळे विचारायचो. डॅडी नुसते हसायचे," ती म्हणाली. "आणि आमच्याकडच्या खारींना पट्टेसुद्धा नसतात."

मी हसता हसता रडायलाच लागले. बावीस वर्षं तुम्ही साहेबांची पत्रं टाइप केलीत आणि त्यांनी कौतुक केलं की तुमचं एकच उत्तर: "सर, माझा आपला खारीचा वाटा." एकदा त्यांनी अर्थ विचारला असणार, आणि तुम्ही काम बाजूला ठेवून अख्खा सेतू बांधून दाखवला असणार. मी तिला सगळं सांगितलं. वाळूत लोळून अंगाला चिकटलेले कण सेतूवर झटकणारी खार, आणि तिच्या पाठीवरून फिरलेली रामाची तीन बोटं. तुमचा नातू मागून ओरडला, "वाह, आजोबा सो स्टेडी, लाह!" म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत, आजोबा एकदम भारी.

मग तिने साहेबांच्या वहीतलं एक पान वाचून दाखवलं. "माझ्या सेक्रेटरीने खारीला परवानगी दिली. पण घरी कळवू नका म्हणाला. मुलगी रागावेल."

बाबा, तो दिवस मला लख्ख आठवतो. साहेब लॉर्ड झाल्याची बातमी आलीय, तुम्ही ऑफिसातून परस्पर जाऊन पेढे आणलेत. स्वयंपाकघरात उभे आहात, छत्री अजून काखेत, टाय सैल, आणि बॉक्स माझ्यापुढे धरलाय. मी एकोणीस वर्षांची, नुकतीच अतिशहाणी झालेली. "लॉर्ड ते झाले, तुम्ही कारकूनच राहिलात. पेढे कसले वाटताय?" आईने डोळे वटारले. तुम्ही "बरं, राहिलं" म्हणालात, माझा पेढा वाटीत घालून, वर बशी झाकून फ्रिजमध्ये ठेवलात. त्यानंतर साहेबांचं नाव तुम्ही घरात काढलं नाहीत आणि मला वाटलं, मी तुमचे डोळे उघडले. एवढा मोठा आनंद तुम्ही माझ्या धाकाने गिळून टाकलात! मला तुमचाही राग येतोय, माझा तर येतोच आहे.

पण आज रागवायचं नाही. ती गेल्यावर मी तडक पेढे आणले, नातवाला घेऊन मजलाभर वाटले. शेजारच्या चिनी आजींनी विचारलं, "बर्थडे आह?" मी म्हटलं, "माय फादर," आणि बॉक्स पुढे केला. त्यांनी माझा हात थोपटला आणि दोन घेतले.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा फ्रेमच्या मागेच खोचून ठेवते. हो, ती फ्रेम तिने आपल्यालाच दिली. आणि एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटी रिकामी पाहून तुम्ही विचारलंत, तेव्हा मी पेढा टाकून दिला म्हणाले. खोटं होतं ते. तुम्ही ऑफिसला गेल्यावर, फ्रिजचं दार उघडं ठेवून, मी तो उभ्या उभ्या खाल्ला होता. छान होता, बाबा.