मला धरा

ताई,

तुला आणि भावजींना वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे. मुलगा-सून रविवारीसुद्धा दिवसभर कामावर असतात, घर सांभाळायला मी आहेच.

पण सध्या डोकं फिरलंय. इथल्या सेवा मंडळात मी नाव घातलं, हे तुला कळवलं होतं. सभेच्या खुर्च्या मी लावतो, चहाचे कप मी विसळतो. दर रविवारी मंडळाचे लोक एकट्या म्हाताऱ्यांना भेटायला जातात. मी सेक्रेटरीबाईंना बजावून सांगितलं, "रविवारच्या भेटीसाठी मला धरा."

बाईंनी धरलं! रविवारी मी इस्त्रीचे कपडे, बूट घालून त्यांच्या फोनची वाट बघत बसलो, तर बाईंसकट चौघं माझ्याच दारात हजर. हातात फळांची टोपली आणि ब्लँकेट. "आजोबा, बरं वाटतंय ना?" तेही ओरडून, मी ठार बहिरा असल्यासारखं. तळपायाची आग मस्तकात गेली!

चांगलं खडसावणार होतो. पण त्यांच्यातल्या रिटायर्ड ड्रायव्हरने खिशातून पत्ते काढले. अंधार पडेपर्यंत खेळत बसले मेले. चहा मी केला, कप मात्र त्यांनी विसळले.

हे माझ्या मुलाला सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल. तुझा गुडघा कसा आहे? एकटी जिना चढू नकोस.

निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी कुणाकडे जायचं ते अजून ठरायचंय."

माझा राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. तरी तोंडातून निघून गेलं, "मला धरा."

तुझाच,
धाकटा