धुतलेले दगड

१० फेब्रुवारी, मंगळवार

काल लिहिलं, "आत्याने दगड धुऊन दिले, मोठंच काम हलकं झालं." ते चूक आहे. काम हलकं झालेलं नाही. वाक्य खोडत नाही, पण खरं काय ते इथे नीट लिहिते.

रविवारी दवाखाना बंद असताना खाऱ्या पाण्याच्या टाकीचा मोठा पंप बंद पडला. सोमवारी सकाळी दार उघडलं तर पेशंट बसतात त्या खोलीत रोजची घरघर नाही. आधी वाटलं, दिवेच गेलेत. मग टाकी दिसली. सातही मासे वर, तोंडं पाण्याच्या कडेला लावून. पाणी हललं नाही तर त्यात हवा मिसळत नाही – एवढं ठाऊक होतं. टाकीबरोबर आलेलं माहितीपुस्तक डॉक्टरांनी माझ्याकडे दिलं तेव्हा मी ते अख्खं पाठ केलं होतं. पाठ करणं मला येतं. स्टुलावर चढले आणि मगाने पाणी काढून उंचावरून परत ओतायला लागले. काढायचं, ओतायचं. दाढेसाठी आलेले एक आजोबा बघत बसले होते. म्हणाले, "चहा गार करताय का?"

पंपवाला आला. पंप काढायला आतले दगड बाहेर काढावे लागले. ते मी टबात ठेवले, वर टाकीचंच पाणी घातलं, आणि सुट्या भागासाठी त्याच्याबरोबर दुकानात गेले. तेवढ्यात आत्या आली. आमची लाँड्री आहे, दवाखान्याचे एप्रन-टॉवेल आमच्याकडेच असतात. तिने टबातले ते बुळबुळीत, जांभळट दगड पाहिले आणि तिच्यातली धोबीण गप्प बसेना. कढत पाणी, सोडा, ब्रश. मी आले तेव्हा दगड पांढरेफटक. "बघ," म्हणाली, "डाग म्हणून शिल्लक नाही." मी तिला शाबासकी दिली आणि दगड परत आत रचले.

आज सकाळी दोन पट्टेवाल्या नारिंगी माशांतला लहान मेलेला सापडला. नवा पंप उत्तम चालतोय, मग का? पुस्तक काढलं. शेवटून दुसरं पान: "दगड फक्त टाकीच्या पाण्यात विसळावेत." त्या बुळबुळीतच ते बारीक जीव राहतात, माशांच्या घाणीतलं विष खातात, म्हणून पाणी राहण्याजोगं राहतं. हे वाक्य मला पाठ होतं. काल संध्याकाळीसुद्धा कोणी विचारलं असतं तर घडाघडा म्हणून दाखवलं असतं. पांढरे दगड हातात असताना मात्र आठवलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आत्याला सांगितलं. आई म्हणत होती नको सांगूस, "तिचं मन मोडेल, आणि मासा काय परत येणारे?" पण ती आल्यागेल्याला सांगत सुटली आहे, दवाखान्याच्या टाकीचं कसं रूप पालटलं ते. आणि तिने पुन्हा धुतले तर?

ती कॉलरींना इस्त्री करत होती. हात थांबवला नाही.

"म्हणजे घाण पाहिजे होती?"

"घाण नव्हती ती आत्या. बारीक जीव असतात त्यात. माशांच्या गुवा-मुताचं विष तेच खाऊन टाकतात."

"आणि मी त्यांना सोडा लावला."

"हो."

"मग मास्तरीणबाई, टबावर चिठ्ठी लावून जायचीस."

"तुला वाचता –" म्हणाले आणि जीभ चावली.

"नाही येत. पण चिठ्ठी दिसली असती ना? चिठ्ठी असेल त्याला मी हात लावत नाही. तुझ्या पुस्तकांना लावलाय कधी?"

नाही लावलेला. माझ्या टेबलावरची धूळ ती पुस्तकं तशीच ठेवून, त्यांच्या कडेकडेने पुसते. आमच्या घरात कोणीही कागदाला हात लावत नाही, मी सोडून.

मग विचारलं, "किती मेले?"

"एक."

"उद्यापासून एप्रन तू ने. माझं तिकडे काही काम नाही."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाटलीतले थेंब टाकून पाणी तपासलं. पिवळं राहायला हवं होतं. गडद हिरवं झालं. हिरवं म्हणजे विष.

हिरवट-निळे दोघे गेले. लांबोडका लालही.

एक पंचमांश पाणी बदललं. नळाचं चालत नाही. गाळलेलं पाणी आणायचं, समुद्री मीठ घालायचं, आदल्या दिवसापासून फिरतं ठेवायचं, टाकीइतकंच कोमट करायचं. सगळं एकदम बदललं की जे उरलेत तेही धक्क्याने जातात. म्हणजे विषही थोडंथोडंच काढायचं. मासा धापा टाकतोय आणि आपण थोडंथोडं करतोय – हे फार अवघड आहे. हात आपोआप जास्त ओतायला जातो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी मला न सांगता खाणं टाकलं. चिमूटभर नाही, मूठभर.

"किती मलूल दिसतायत! उपाशी मारतेस की काय?"

म्हटलं, डॉक्टर, खाल्लं की घाण, घाण की विष, आणि ते खायला टाकीत आता कोणी नाही. थोडे दिवस उपाशी राहिले तर मरत नाहीत.

"दाढ काढलेल्या माणसालासुद्धा मी आइस्क्रीम देतो," म्हणाले आणि हसत आत गेले. ते वाईट नाहीत. भुकेलं कोणी बघवत नाही त्यांना. जाळीने खाणं काढत बसले. निम्मं वाळूत गेलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पिवळा गेला. सगळ्यांत मोठा होता. लहान पेशंट आले की काचेपाशी यायचा, मुलांना वाटायचं ओळखतो. आज एकाने विचारलं, "पिवळा कुठेय?" त्याच्या आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मेला रे." ती चिडली. पण दुसरं काय सांगायचं?

उरले दोन. मोठा नारिंगी आणि मुकादम. मुकादम म्हणजे पांढुरका, वाळूवर राहतो. तोंड भरून वाळू उचलतो, चावतो, दुसरीकडे नेऊन टाकतो. दिवसभर हेच. चेहरा मात्र दुसऱ्यांकडून काम करून घेत असल्यासारखा. त्याच्या शेपटीची कड फाटली आहे. नारिंगी एका कोपऱ्यात, पंपाच्या धारेत तोंड धरून असतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी, तरी जाऊन पाणी बदललं. दोघे आहेत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी बोलावलं. मला वाटलं, टाकीवरून बोलणी खावी लागणार. तर म्हणाले, "बस." त्यांच्यासमोर मी कधी बसलेली नाही. खुर्चीच्या कडेला टेकले.

रविवारी मुलांसाठीची नवी खोली उघडायची आहे. पालक येणार, फोटो निघणार. "आणि टाकीत काय, दोन आजारी मासे? मी बारा नवे सांगितलेत. माशांचा दुकानदार शनिवारी घेऊन येतो."

"पाणी अजून तयार नाही, डॉक्टर."

"शनिवारपर्यंत होईल की. दुकानदार म्हणतो होतं."

"त्यांनी तपासलेलं नाही."

"म्हणून तर तुझा होकार मागतोय तो. शुक्रवारी फोन करेल. टाकी तू सांभाळतेस, तू म्हण 'पाणी तयार आहे', की झालं. नाही तर मेलेल्या माशांचं खापर माझ्यावर फोडाल म्हणतो. व्यापारी माणूस." मग चष्मा काढला आणि म्हणाले, "ती खोली तूच बघायचीस. मुलांशी खोटं बोलत नाहीस, कानावर आलंय माझ्या. दारावर तुझ्या नावाची पाटी लावू."

घरी सांगितलं. लाँड्रीचं पाणी भरणाऱ्या बाबांनी कळशी खाली ठेवली. "आपल्या घरातलं नाव कुठल्याच दारावर लागलेलं नाही. आपण बांधतो त्या गाठोड्यांवरही गिऱ्हाइकाचं असतं." आईने दोनदा विचारलं, पाटी लाकडी की पितळी. रात्री माझं ताट आत्याने उचललं.

बारा माशांचं कोणाला सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पाणी हिरवं. गुरुवारपेक्षा फिकं, पण हिरवंच.

दोघांच्या घाणीने ही अवस्था. बारा आणखी आले तर रविवारी फोटो छान येतील. मग आठवडाभरात मी जाळी घेऊन एकेक काढत बसेन, आणि त्यांच्याबरोबर हे दोघेही जातील. हे मला ठाऊक आहे. अंदाज नाही, ठाऊक आहे.

तरी हो म्हणणार. दिवसभर विचार करून हेच ठरतंय. दुकानदार इतकी वर्षं धंद्यात आहे. डॉक्टर एवढे शिकलेले. मी कोण? नाही म्हटलं तर टाकी जाईल, खोली जाईल, कदाचित नोकरीही, आणि बाबांना पुन्हा कळशी उचलावी लागेल – म्हणजे, बोलायची पद्धत. आमच्या घरात नोकरीत नाही म्हटलेलं कोणी नाही. नोकरीच केलेली नाही कोणी. विचारायचं कोणाला, की अशा वेळी काय करतात?

हो म्हणायचं कसं, तेही मनात म्हणून बघितलं. "तयार आहे" पटकन येतं. "पाणी" म्हटलं की अडतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज एप्रन घेऊन आत्याच आली. दुसऱ्या हातात गाळलेल्या पाण्याचा कॅन. म्हणाली, "रिकाम्या हाताने चालवत नाही मला." कॅन ठेवला आणि पदराला हात पुसून काचेपाशी उभी राहिली. टाकीला हात लावला नाही.

"तो ओझी वाहतोय तो कोण?"

"मुकादम."

"नाव चुकलंय. तो हमाल आहे." मग दगडांकडे वाकून बघितलं. "पुन्हा मळायला लागलेत."

खरंच, पांढऱ्यावर तपकिरी पुसटशी झाक आहे. मला सकाळी दिसली नव्हती. डाग तिच्या डोळ्यांतून सुटत नाही.

"मग? झाले का जिवंत?"

तिचं तोंड असं होतं की हो म्हणावंसं वाटलं. आठवडाभर ती जेवताना मान वर करत नाहीये. एक हो म्हटलं असतं तर घरी जाऊन पोटभर जेवली असती. जिभेवर आलंही होतं.

"नाही आत्या. महिना तरी जाईल अजून."

मी वाट बघत राहिले. ती रडेल, रागावेल, स्वतःला बोल लावेल.

"बरं," म्हणाली. "मग थांबू." आणि एप्रन खुंटीवर टांगायला गेली. जाताना तिथूनच ओरडली, "कॅन उद्या परत पाहिजे, लाँड्रीचा आहे."

एवढंच झालं. नाही म्हटलं, आणि एवढंच झालं. ती डॉक्टर नाही, आणि तिच्या हातात माझी नोकरी नाही, हे कळतंय मला. पण नाही म्हणताना आवाज कसा निघतो ते तरी कळलं. निघतो. नेहमीसारखाच निघतो.

थेंब टाकले. हिरवं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पाटी आली. पितळी आहे. भिंतीला टेकवून ठेवली आहे, खिळे रविवारी मारणार. नावात चूक नाही, वेलांटीसुद्धा बरोबर आहे.

दोघे आहेत.

दुकानदाराचा फोन उद्या दुपारी येईल. उद्या, शुक्रवार, २० फेब्रुवारी – सकाळी डॉक्टर कोट चढवत असतानाच सांगणार. पाणी तयार नाही, मी हो म्हणणार नाही. सांगणार आहे, विचारणार नाही. पाटीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.