मंगळवार-शुक्रवारची गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार
आज गाडी गेली. सकाळी दहाला मोठे दीर दाऊदभाई जमातीच्या ट्रस्टची दोन माणसं घेऊन आले. मी इद्दतीत, नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस परपुरुषासमोर यायचं नाही, म्हणून खिडकीच्या गजांमागून बघितलं. ऑगस्टमध्ये हे गेले तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. बॅटरी उतरली होती. दुसऱ्या गाडीला वायर जोडून चालू केली. सतरा वर्षांची जर्मन गाडी, पण इंजिनाचा आवाज अजून तसाच.

डिकीतली बादली, टॉवेल, जुनी चादर काढून पडवीत ठेवली. मी आतून म्हटलं, ते राहू द्या, वाटेत उलटी झाली तर लागतं. दाऊदभाई म्हणाले, नवीन घेतील.

दाराआडून एवढंच सांगितलं: मंगळवार-शुक्रवार, डायलिसिसवाले. खाली काळबादेवी गावच्या थांब्यावर सुमन, पुढच्या थांब्यांवर दोघे. यांच्या डायलिसिसची चार वर्षं मीच चालवली गाडी. हे मागे बसायचे, सुमन पुढे, तिचे पाय सुजतात म्हणून. माझी इद्दत संपेपर्यंत पेशंट थांबणार नाहीत, म्हणून तर दिली. आणि नंतर तरी बाईमाणूस एकटी पेशंट घेऊन कुठे फिरणार, असं दाऊदभाई म्हणालेच होते. आज म्हणाले, हो हो, सगळं माहीत आहे त्यांना.

मी लिहून घेतलं नाही. पंचायत समितीत सत्तावीस वर्षं आवक-जावक सांभाळली, तारीख-सही नसलेला कागद घेतला नाही कधी. पण खैरातीला अट घालायची नसते आमच्यात. लोक म्हणतील, विधवेने घासाघीस केली. म्हणून गप्प बसले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
साडेसातला घड्याळ बघितलं. आता आपापल्या थांब्यावर असतील तिघं. बरं वाटलं. यांच्यासाठी कुराणातली यासीन पढले.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सनाचा दोह्याहून फोन. दाऊदभाईंनी तिला फोटो पाठवला, तो तिने मला पाठवला. गाडीच्या मागच्या काचेवर हिरव्या अक्षरांत यांचं नाव. मरहूम अमुक यांच्या सवाबासाठी, म्हणजे पुण्य यांच्या खात्यात. "अम्मी, अब्बांचं नाव किती छान दिसतंय." मी हो म्हटलं. एवढ्या लांब एकटी असते पोरगी.
यांना काचेवर साधा स्टिकर चालायचा नाही. सीटना पांढरी कव्हरं दिसली. कशाला?

१९ नोव्हेंबर, बुधवार
सुमन आली. बांगडे घेऊन. आता बाजारात बसत नाही, नवरा होडीवर जातो, त्याचेच. चढ चढून धाप लागली होती. पाणी दिलं. गाडी वेळेवर येते ना, विचारलं. ती पदराशी चाळा करत सांगू लागली.

एकदाही आली नाही. पाच खेपा झाल्या, पाचही एस.टी.ने. जाताना जागा मिळते, येताना उभी. गेल्या शुक्रवारी गर्दीत कुणाचा तरी कोपर सुईच्या जागेवर लागला. रक्त थांबेना. कंडक्टरने रुमाल बांधला.

"गाडी थांब्यावरनं गेली भाभी. मी हात केला. आत पाव्हणे व्हते, मग मीच हात खाली घेतला."

रागावली नव्हती. हसून म्हणाली, "मला वाटलं तुमीच नको म्हनलात. मी एकदा सीट खराब केली व्हती ना तुमची."

म्हणजे दोन आठवडे ती हे मनात धरून एस.टी.त उभी होती. ती गेल्यावर बांगडे साफ केले. रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
दाऊदभाईंना बोलावलं. ते पडवीत, मी दाराआड. खोटं बोलत नाहीत ते, हीच पंचाईत. त्यांना खरंच वाटतं की हे बरोबर आहे.

"एवढी चांगली गाडी, रेहाना. पेशंट ओकतात. इक्बालची निशाणी आहे ती, इज्जत राखून वापरतायत."

बाहेरगावचे मोठे पाहुणे येतात, त्यांना हायवेवरच्या हातखंब्याहून आणायला जाते म्हणे. एरवी कापड घालून झाकून ठेवतात. पेशंटसाठी ट्रस्टची व्हॅन आहे. कुठे आहे? गॅरेजला. कधीपासून? रमजानपासून.

मी म्हटलं, "त्या गाडीत तुमचा भाऊ ओकलाय, दाऊदभाई. मी धुतलीय."

ते उठले. चपला घालता घालता म्हणाले, दिलेल्या वस्तूकडे मागे वळून बघू नये, सवाब जातो.
कुणाचा?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
गाडीला गुलाबाच्या माळा. ट्रस्टच्या अध्यक्षांच्या पुतणीची रुखसती, नवरीची पाठवणी. जाऊबाई बिर्याणीचा डबा घेऊन आल्या. कौतुकाने सांगत होत्या, सगळा गाव इक्बालचं नाव वाचत होता. आज शुक्रवार आहे हे एकाच्याही लक्षात नाही. डबा न उघडता परत दिला. म्हणाल्या, अगं गरम आहे. मी म्हटलं, असू दे. वाईट वाटलं असेल त्यांना. वाटू दे.

२ डिसेंबर, मंगळवार
दाऊदभाई आर.टी.ओ.चे फॉर्म घेऊन आले. आधी वारस म्हणून माझं नाव, मग माझ्याकडून ट्रस्टकडे. सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या मारलेल्या, बाकी कोरं. म्हणजे गाडी अजून यांच्याच नावावर आहे. मेलेल्या माणसाच्या नावावरच्या गाडीतून वराती चालल्यात.

फुली आहे तिथे सही कर, बाकी मी भरतो, म्हणाले. मी आत नेऊन सगळं वाचलं. सावकाश. ते बाहेर खाकरत बसले. मग साधा कागद घेतला: मंगळवार व शुक्रवार सकाळी साडेसात, डायलिसिसचे पेशंट. सीटची कव्हरं काढावीत. काचेवरचं नाव पुसावं. हे लेखी कबूल झाल्यावर सही मिळेल. तारीख घातली, खाली नाव लिहिलं. फॉर्म ठेवून घेतले, तो कागद बाहेर दिला. नक्कल माझ्याकडे.

त्यांनी तो वाचला. मग, "नाव पुसायचं? इक्बालचं?" आवाज चिरकला त्यांचा. भाऊच शेवटी. मला कळतं ते. तरी राग गेला नाही.

पुढे नेहमीचं. इद्दतीतल्या बाईने असे कागद करू नयेत. दिलेलं परत घेणारा ओकलेलं परत चाटणाऱ्या कुत्र्यासारखा, असं हदीसमध्ये म्हटलंय ते ऐकवलं. मला पाठ आहे ते.

मी म्हटलं, "मी परत मागत नाही. ज्यांना दिली, त्यांच्यापर्यंत ती अजून पोचलीच नाही."

५ डिसेंबर, शुक्रवार
लेखी कबुली आलेली नाही. जाऊबाई काल-आज फिरकल्या नाहीत. सनाचा फोन. "अम्मी, चाचांशी भांडण नको, सही करून टाक ना." सगळं तिच्यापर्यंत पोचलंय, फक्त सुमनचं नाव सोडून. ते मी सांगितलं.

इद्दत संपायला तीन आठवडे. तोवर सुमनच्या सहा खेपा. सही नसली तरी ते गाडी फिरवतीलच, इथे कोण अडवणार. आणि तीन आठवड्यांनी मी किल्ली मागायला गेले तर ... माहीत नाही. अख्ख्या जमातीसमोर उभी राहीन का मी, माहीत नाही.

सकाळी सुमनला फोन केला. वाजून बंद झाला. बसमध्ये असेल.

साडेअकराला वीज आली. पंप लावला, फॉर्म आणि नक्कल घेऊन बसले; सही केली नाही. टाकी भरून पाणी भिंतीवरून वाहायला लागलं तेव्हा उठले आणि बंद केला.