पांढऱ्या केसाची माशी

चामराजपेट. फाल्गुन, १९५८. रविवार, दिवेलागण.

सुशे, नात आहेस तर मी सांगते तस्संच लिही. मास्तरणीसारखं सुधारू नकोस.

आज माझा दत्तू त्याच्या बापाचा गळ घेऊन होसकोट्याच्या तळ्यावर गेला. मासा मिळाला, पण त्याच्या ओठात आधीच एक खोटी माशी रुतलेली. पिसांची. आमचे हे माशाला भुलवायला बांधायचे तशीच.

शिंप्याच्या घरात रेशमाला काय तोटा? पण पीस आकड्याला बांधायला ह्यांना माझ्या फणीतला केसच लागायचा. म्हणायचे, "तुझ्या केसाला मासा भुलतो." मी म्हणायची, "एक भुलला तेवढा पुरे."

दत्तू म्हणाला, "अण्णांचीच जुनी असेल, आई."

असेल. पण आकडा कोरा, झळझळीत. आणि केस पांढरा. हे गेले तेव्हा माझं डोकं काळंभोर होतं. पिकलं ते नंतर.

विंचरल्यावर गुंत्यावर थुंकून टाकावं, म्हणजे कुणी तो वापरत नाही, असं सासूबाई सांगायच्या. पण ह्यांना स्वच्छ केस हवा, म्हणून मी गुंता खिडकीत ठेवायची. ती सवय राहिली. सकाळी गुंता नसतो. वाटायचं, चिमण्या नेतात.

पांढरा केस. दत्तू घाबरलाय. म्हणाला, "आई, आजपासून थुंकून टाक."

सरी, बरं, म्हटलं. गुंता तोंडापाशी नेला. थुंकवेना.

खिडकीतच ठेवलाय. स्वल्प जास्तच. ह्यांना तिकडं दुसरा दोरा मिळत नसेल.