घरात माणसं किती

१४ जून २००६, डब्लिन (अमेरिका)

शेजारच्या काउंटीतलं ते घर बहुतेक मिळतंय. तेच, ज्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत मक्याचं शेत आलंय.

संध्याकाळी लोनवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा सगळं संपलंच होतं. ते गाव सरकारच्या रूरल लोनमध्ये, म्हणजे खेड्यातल्या घरांसाठीच्या कर्जात बसतं, पण तिघांच्या कुटुंबासाठी तुमचा पगार मर्यादेपेक्षा थोडा जास्त होतो, म्हणाल्या. समीर नुसता "ओके, ओके" करत राहिला. नवऱ्याचा राग आला आणि रडूही. तो मका डोळ्यांसमोरून हलेना.

तेवढ्यात सासूबाईंनी आतून हाक मारली, "समीर, चहा गार होतोय रे."

स्पीकर चालू होता. बाईंनी विचारलं, हे कोण? माझी आई, समीर म्हणाला, आमच्याकडेच असते, ग्रीन कार्डवर आलीय. मग तुमचं लेकरू चिनू धरून तुम्ही चौघं झालात, बाई म्हणाल्या, तीन का सांगितलंत? चौघांची मर्यादा जास्त असते. तुम्ही बसताय त्यात.

का सांगितलं तीन? इथे फॅमिली म्हणजे नवरा, बायको, मुलं, हे आपणच ठरवून टाकलेलं. कुणी सांगितलं होतं?

आईंना म्हटलं, तुमच्यामुळे घर मिळतंय. त्यांनी आधी मका केवढा झालाय ते विचारलं. गुडघ्याएवढा, म्हटलं.

मग कप विसळता विसळता म्हणाल्या, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी मला घरात धरलं."